न वाजवायची गाणी

भाई रिसेप्शनच्या हॉलवर पोचले की सगळ्यात आधी स्टीलचा एक पेला मागायचे. तो काठोकाठ भरायचा आणि हॉलमध्ये जी सगळ्यात म्हातारी बाई बसलेली असेल तिच्यापुढे नेऊन ठेवायचा. आजीबाई खूश होऊन पेल्याला हात घालायच्या, तोच भाई वाकून म्हणायचे, "माय, हे पेऊ नोको. हे मशीनचं पानी हाय. तुले दुसरं आनतो." मग पहिलं गाणं सुरू करून ते परत त्या टेबलाशी यायचे आणि चष्मा कपाळावर सरकवून पेल्यात पाहायचे. पाणी थरथरलं की आवाज खाली. स्थिर राहिलं की तेवढाच. आवाज मोजायचं खरं यंत्रही त्यांच्याकडे होतं, पण ते पेटीतच असायचं. यंत्र आकडा सांगतं, पेला म्हातारीचं काळीज सांगतो, असं त्यांचं म्हणणं.

मी विज्ञानाचा शिक्षक. बुलढाण्याच्या एका शाळेत पंचवीस वर्षं ध्वनीचा धडा शिकवतोय. त्या पेल्यात माझा अख्खा धडा होता, हे मला पहिल्या नजरेत कळायला हवं होतं. मला ते सोंग वाटलं.

भाईंचं नाव मी लिहीत नाही. देऊळघाटात कुणालाही डीजेवाले भाई म्हणून विचारलं तर घर दाखवतील. नाव न लिहिण्याचं खरं कारण वेगळं आहे. त्यांच्या नावाला एकदा माझ्यामुळे धक्का लागला. तो कसा लागला हे सांगायलाच मी बसलोय, पण भाई आठवायला लागले की आधी मजेच्याच गोष्टी आठवतात, त्याला माझा इलाज नाही.

वय साठीच्या आसपास. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि पायात नुसते मोजे. हॉलच्या दारात बूट काढून ठेवायचे ते सगळं आटोपल्यावरच घालायचे. वायरीवर पाय पडला तर मोज्यातून कळतं, बुटातून कळत नाही, हे त्याचं कारण. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग भोंगे भाड्याने द्यायचे, मग डीजे. गाडीवर 'डीजे' ही अक्षरं त्यांच्या बेगमनी हट्टाने रंगवून घेतली होती. ते स्वतःला साउंडवालाच म्हणायचे. वायरी गुंडाळायचं काम बेगमचं. भाईंनी गुंडाळलेल्या वायरींना गाठी पडतात असं त्या सांगायच्या, आणि भाई ते खाली मान घालून ऐकून घ्यायचे.

लग्नातलं जेवण ते वाजवायच्या आधी जेवत नसत. घरून आणलेली भाकरी आणि मिरचीचा ठेचा गाडीत बसून खायचे. पंगतीचं गोडधोड खाऊन बसलेला माणूस मुलायम गाणी लावतो आणि पाहुण्यांना झोप येते, असा त्यांचा अनुभव होता. ठेचा खाल्लेला माणूस जागा राहतो.

आणि एक नियम होता. चालू गाणं तोडायचं नाही. एकदा एका लग्नात कुणी पुढारी आशीर्वाद द्यायला स्टेजवर चढले. यजमानांनी हातवारे केले, कार्यकर्त्यांनी डोळे वटारले. भाईंनी त्यांना तीन बोटं दाखवली. तीन मिनिटं थांबा. ते पुढारी हात जोडून तीन मिनिटं तसेच उभे राहिले, आणि नंतर म्हणे त्यांनीच भाईंना आपल्या पुतणीच्या लग्नाला बोलावलं. "गानं तोडनं म्हनजे जेवत्या मानसापुढचं ताट ओढनं," भाई म्हणायचे. इतक्या वर्षांत आपल्या हातून एकही गाणं अर्ध्यात तुटलेलं नाही, हा त्यांचा एकमेव गर्व. बाकी बढाई मारताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

आता मी त्यांच्यापर्यंत कसा पोचलो ते सांगतो.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा डीजे नको, असं मी जाहीर करून टाकलं होतं. दुपारी लग्न, संध्याकाळी त्याच लॉनवर रिसेप्शन. मागे मंद सनई लावली की झालं. ध्वनिप्रदूषणावर मी शाळेत दरवर्षी भाषण देतो, आणि दिलेल्या भाषणाला जागायचं असा माझा विचार. मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, मग रिसेप्शन कशाला ठेवता? परिपाठ ठेवा."

तरी मी बधलो नसतो. पण त्याच महिन्यात आमच्या शाळेतल्या एका सरांच्या घरी रिसेप्शन होतं. त्यांनी माझाच कित्ता गिरवला होता. डीजे नाही, दोन स्पीकर आणले आणि मेहुण्याला सांगितलं, तुझ्या फोनवरून गाणी लाव. मेहुणे बँकेत मोठ्या हुद्द्यावर, फोन महागाचा. नवरा-नवरी स्टेजवर आली, सगळे उभे राहिले, आणि गाणं थांबून खाज-खरजेच्या मलमाची जाहिरात सुरू झाली. ती संपेपर्यंत नवरा-नवरी तशीच उभी. पुढे थोडा वेळ बरा गेला. मग मेहुण्यांना फोन आला. तो त्यांच्या बायकोचा होता, भटारखान्यातून, आणि तो दोन्ही स्पीकरांतून सगळ्या लॉनला ऐकू आला. पनीर संपत आलंय, नवरदेवाकडच्यांना आता नुसता रस्सा वाढा म्हणावं, असं त्या ठणठणीत आवाजात सांगत होत्या. नवरदेवाकडच्यांची पंगत तेव्हा बसलेली होती. चमचे जिथल्या तिथे थांबले. एका म्हाताऱ्या पाहुण्यांनी आपल्या ताटातलं पनीर मोजलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं.

घरी आल्यावर मी मुलीला म्हणालो, तुझ्या मैत्रिणीकडे कुणा भाईंचा नंबर होता ना, तो दे.

भाई आले ते लग्नाच्या चार दिवस आधी. रिकाम्या हाताने, फक्त जुन्या लग्नपत्रिकांचा एक गठ्ठा घेऊन. पत्रिकांच्या कोऱ्या मागच्या बाजूवर ते लिहून घ्यायचे. याला ते चौकशी म्हणायचे. मला वाटलं गाण्यांची यादी मागतील. मी यादी करूनही ठेवली होती, सात्त्विक गाण्यांची. त्यांनी ती घेतली, घडी केली आणि खिशात टाकली. मग म्हणाले, "सर, वाजवाची गानी मले माहीत हायेत. मले न वाजवाची सांगा."

आणि हे पुरुषांना विचारून उपयोग नाही, म्हणून त्यांनी माझ्या बायकोला बोलावून घ्यायला सांगितलं. तासभर चौकशी चालली. कुणाच्या छातीत स्टेंट बसवलाय. कोण गरोदर आहे. कोण कुणाशी बोलत नाही. अशा दोघांना एकाच गाण्यावर उठवायचं नाही, वेगवेगळ्या गाण्यांवर उठवायचं. कुणाचं लग्न ठरून मोडलंय आणि तेव्हा काय वाजलं होतं. बायको सांगत गेली आणि मी ऐकत गेलो. त्यातलं निम्मं मला पहिल्यांदाच कळत होतं.

ही चौकशी उगाच नसते हे मी त्यापूर्वी आमच्या गल्लीतल्या एका लग्नात पाहिलेलं होतं, फक्त तेव्हा डीजेवाला कोण याकडे लक्ष दिलं नव्हतं. त्या लग्नात विहीण रुसली होती. मानाची साडी मनाजोगी नव्हती की आणखी काही, पण बाई खुर्ची फिरवून स्टेजकडे पाठ करून बसली. घरचे सगळे जाऊन विनवून आले. मला पुढे कळलं, की भाईंच्या पत्रिकेमागे लिहिलेलं होतं, या बाई मेहकरला शाळेत असताना लेझीमच्या पथकात पुढे असायच्या. त्यांनी नाचाचं गाणं संपू दिलं आणि हलगी लावली, नुसती हलगी, लेझमीच्या ठेक्याची. आधी विहीणबाईंच्या पायाचा अंगठा हलला. मग खुर्ची थोडी वळली. पाच मिनिटांनी त्या पदर खोचून सगळ्या बायकांना 'पाय उचला, पाय' म्हणून ओरडत होत्या, आणि साडी कुठल्या कुठे राहिली.

तर आमच्या घरची चौकशी. शेवटी भाईंनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं आणि विचारलं, घरातलं अलीकडे कोण गेलं. बायको म्हणाली, माझ्या नणदेचे यजमान. दोन वर्षं झाली.

"त्यायच्या फोनची रिंगटोन कोनती होती?"

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहायला लागलो. मला तर हसू येत होतं. भाईंनी मग सांगितलं, की त्यांचा थोरला भाऊ गेला तेव्हा त्याचा फोन चार दिवस घरात वाजत राहिला. लोकांना खबर नव्हती, ते लावत राहिले. "आजबी ते गानं कुठं लागलं की बेगम आधी गॅस बंद करते," ते म्हणाले. "मंग रडते."

आम्हाला रिंगटोन माहीत नव्हती. भाई म्हणाले, ताईंना विचारून मला कळवा, तेवढं एक राहिलं. मी हो म्हणालो.

विचारलं नाही. ते का, हे मी आजवर बायकोलाही नीट सांगितलेलं नाही.

भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, खामगावला असायचे. कुलर, मोटर, मिक्सर, काहीही उघडून दुरुस्त करायचे. त्या दिवशी ते मोटरसायकलवर आमच्याकडे निघाले होते, आमचा कुलर पाहायला. उन्हाळा होता, मी घामाघूम होतो, आणि ते येईनात. मी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. सात-आठ वेळा लावला, आणि शेवटी बायकोला म्हणालो, माणसाने फोन तरी उचलावा. तेव्हा भाऊजींना घाटात अपघात होऊन दोन तास झाले होते. त्यांचा फोन, घड्याळ आणि पाकीट एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दवाखान्यात ताईच्या मांडीवर दिलेलं होतं. ती पिशवी वाजत होती. पिशवीतून माझं नाव दिसत होतं. तेराव्यानंतर ताई मला एकदाच म्हणाली, "तुहे फोन येऊन राह्यले होते रे. मले उचलताच आले नाही." ती सहज म्हणाली असेल. मला ते सहज ऐकता आलं नाही. त्यानंतर दोन वर्षांत मी तिच्याशी पाऊसपाण्याचं बोललो, मुलांच्या निकालाचं बोललो. त्या दिवसाचं कधी बोललो नाही.

आता तिला फोन करून भाऊजींची रिंगटोन कोणती होती असं मी कसं विचारणार होतो? फोन लावणाऱ्याला रिंगटोन ऐकू येत नाही. ती मला माहीत नव्हती, आणि माहीत करून घ्यायची माझी तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी भाईंचा फोन आला. मी म्हणालो, विचारलं ताईला, तसं काही नाही.

रिसेप्शन मात्र देखणं झालं. पेला माझ्या मावशीपुढे ठेवला गेला आणि तिने तो भाईंची नजर चुकवून पिऊन टाकला, म्हणून दुसरा ठेवावा लागला. भाई मोज्यांवर सगळीकडे फिरत होते. एक गोष्ट माझ्या तेव्हाच लक्षात आली: नाचणाऱ्यांकडे ते पाहतच नव्हते. त्यांची नजर सारखी खुर्च्यांवर बसलेल्यांकडे. नाचणारा माणूस खूश आहे हे कुणालाही दिसतं, बसलेल्याचं पाहावं लागतं, असं काहीसं ते माझ्या बायकोला सांगत होते. माझ्या शाळेतले कडक मुख्याध्यापक मान हलवायला लागले. बायकोच्या दोन आत्या, ज्या एकमेकींचं तोंड पाहत नाहीत, वेगवेगळ्या गाण्यांवर उठल्या आणि वेगवेगळ्या खूश होऊन बसल्या. मी मनात म्हणालो, भाषण पुढच्या वर्षी जरा बदलावं लागेल.

मग नवरदेवाच्या मित्रांनी एक गाणं मागितलं. उडत्या चालीचं, सगळ्या लग्नांत वाजणारं, ज्यावर पाच वर्षांचं पोरही उठतं. त्यात न वाजवण्यासारखं काय असणार? भाईंनी पत्रिका पाहिली आणि लावलं.

ताई तिसऱ्या रांगेत बसली होती, हातात जिलेबीची प्लेट. गाण्याचे पहिले सूर आले आणि तिचे दोन्ही हात मांडीवर गेले. प्लेट खाली पडली. तिने मांडीवरचं काहीतरी घट्ट धरल्यासारखी मूठ आवळली. मांडीवर काही नव्हतं. मी दहा पावलांवर उभा होतो, आणि मला एका क्षणात कळलं ते कोणतं गाणं आहे.

गाणं तुटलं.

पन्नास माणसं हात वर करून उभी होती, ती तशीच राहिली. भाईंनी माइक घेतला आणि मशीन अटकली, गलती माझी, माफी द्या, असं सगळ्यांना सांगितलं. लगेच हळू आवाजात नुसती बासरी सुरू केली. पण व्याह्यांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, ते नाचणाऱ्यांच्या मध्यभागी होते. मेहकरचे ठेकेदार, आवाज माइकशिवाय पुरणारा. त्यांनी सगळ्यांसमोर भाईंना विचारलं, की हे लग्न आहे का टेस्टिंग, आणि भंगारात घालायची मशीन घेऊन काऊन फिरता. भाईंनी हात जोडले. काही माणसं हसली.

माझ्या बायकोने ताईला आत नेलं. भाई माझ्याकडे आले. आवाज इतका खाली, की शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये.

"सर, ताईले विचारलं होतं ना तुम्ही?"

मी स्टेजकडे पाहत म्हणालो, "हो. विचारलं होतं."

भाईंनी पत्रिकेची घडी करून ती खिशात ठेवली. "मंग माझीच चूक," ते म्हणाले आणि मोज्यांवर चालत परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने स्वतःच सांगितलं. ते त्यांच्या फोनचं गाणं होतं. त्या भाईला कसं समजलं रे, असं तिने मला विचारलं, आणि त्याला माझा नमस्कार सांग म्हणाली. मी सांगतो म्हणालो. तिला वाईट वाटू नये म्हणून नव्हे. मला स्वतःला वाईट वाटू नये म्हणून मी विषय बदलला.

पुढचं वर्ष मी कसं काढलं ते सांगायला लाज वाटते. काकांचा लोकसंग्रह मोठा. जिथे जातील तिथे ते हा किस्सा सांगायचे, आणि सांगायचेही रंगवून. मेहकरकडची लग्नं भाईंच्या हातून एकेक करून गेली. मशीन मध्येच बंद पडते म्हणे, असं आमच्या शिक्षकखोलीत कुणीतरी सांगत होतं. मी तेव्हा वह्या तपासत होतो. त्या दिवशीच्या सगळ्या वह्यांवर मी 'छान' असा शेरा दिलाय. एका मुलाने उत्तरच लिहिलेलं नव्हतं, त्यालाही छान.

एक शब्द टाकला असता तर सगळं मिटलं असतं. पण मुलगी नुकतीच त्या घरात गेलेली. तिचा बाप खोटं बोलतो हे तिच्या सासरी का कळू द्यायचं? हे कारण मी स्वतःला दिलं. ते सहा महिने पुरलं. पुढचे सहा महिने मी कारणाशिवाय गप्प राहिलो.

मग एक दिवस काकांचा फोन आला. त्यांच्या मुलाचा साखरपुडा होता रविवारी, घरच्यांना घेऊन या म्हणाले. आणि म्हणाले, डीजे अकोल्याहून मागवतोय, तुमच्या त्या देऊळघाटवाल्यासारखा नको बुवा. ते हसले. मीही हसलो. फोन ठेवल्यावर ते माझं हसणं मला इतकं ऐकू यायला लागलं, की सकाळी उठून मी स्कूटर काढली आणि देऊळघाटला गेलो.

भाई अंगणात एक स्पीकर उघडून बसले होते. हळू आवाजात काहीतरी वाजत होतं. बेगम ओट्यावर वायर गुंडाळत होत्या. ऐन लग्नसराईत गाडी दारात उभी होती आणि तिच्यावर धूळ होती. मला खुर्ची दिली, चहा सांगितला. चहा यायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. ताईला विचारलंच नव्हतं. फोनवर खोटं बोललो. तुमच्या तोंडावर पुन्हा खोटं बोललो.

"मले माहीत हाय," भाई म्हणाले.

ताईनेच दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना फोन केला होता, नमस्कार सांगायला. माझ्यावर तिचा भरवसा नसावा. बोलता बोलता भाईंनी विचारलं आणि तिने सांगितलं, की मला कुणी काही विचारलं नव्हतं. म्हणजे वर्षभर भाईंना माहीत होतं. मेहकरची लग्नं जात होती तेव्हाही माहीत होतं. काकांना एक फोन करून ते मोकळे झाले असते. मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत.

भाईंनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "त्या दिवशी तुम्ही खोटं बोलले, ते ठीक हाय, सर. पोरीचा बाप व्याह्यायपुढं खाली पाहाले नाही लागला पाहजे, हे माझ्या कामातच येते. त्याच्यासाठीच तर बलावता तुम्ही मले. नुसती गानी तं फोनबी वाजवते." मग त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "पन दुसऱ्या दिवशी तुमाले फोन कराले काय झालं होतं?"

बेगमचे हात थांबले होते. मी खिशातून फोन काढला आणि काकांचा नंबर लावला.

भाई पटकन म्हणाले, "स्पीकरवर नका टाकू." त्यांनी वाजत असलेलं गाणं संपू दिलं, शेवटच्या सुरापर्यंत, आणि मग बटण बंद करून माझ्याकडे पाठ फिरवून बसले. तेवढ्यात काकांनी फोन उचलला होता आणि काय सर, काय म्हणता, असं मोठ्याने विचारत होते.

मी म्हणालो, "काका, त्या दिवशी मशीन अटकली नव्हती. भाईंनी गाणं मुद्दाम तोडलं, माझ्या बहिणीसाठी. अन् ते वाजलं, ते मी खोटं बोललो म्हणून."

सगळं सांगायला चार-पाच मिनिटं लागली. काका मध्ये एकदाही बोलले नाहीत, आणि त्यांना ओळखणाऱ्याचा यावर विश्वास बसणार नाही. मग म्हणाले, "मी त्यायले चार लोकायत बोललो होतो."

"हो."

"मंग तुम्हीबी चार लोकायत सांगा. रविवारी. मी बाजूले उभा राह्यतो, माहीबी माफी राह्यली हाय." आणि पुढे म्हणाले, "अन् त्यायले म्हना, मशीन घेऊन या. अकोल्याचं मी पाह्यतो."

मी फोन ठेवला आणि भाईंच्या पाठीला उद्देशून निरोप सांगितला. रविवारी त्यांनी वाजवायला यायचं आणि मी माइकवर बोलायचं. शाळेत हजार मुलांपुढे बोलणारा मी, पण या माइकची मला भीती वाटत होती. तेही सांगितलं. भाई वळले. नाराज होते का खूश, मला कळलं नाही. त्यांनी खिशातून एक जुनी लग्नपत्रिका काढली होती आणि साखरपुड्याला मुलीकडचं कोण कोण येणार, असं विचारायला लागले होते. मला माहीत नव्हतं. माझ्या मुलीला विचारून सांगतो, आजच सांगतो, असं मी म्हणालो.

मी स्कूटरला किक मारली तेव्हा ते अनवाणी दारापर्यंत आले.

"सर, माइक तोंडापासून चार बोटं दूर धरजा. खरं बोलताना मानूस लय जवळ घेते. आवाज फाटते, अन् मंग कोनालेच काही समजत नाही."

रविवारी मी काय बोललो ते पुन्हा लिहीत नाही, ते वर आलंच आहे. ताई पहिल्या रांगेत बसली होती. चार बोटं मी मोजून घेतली होती.